संकल्पातला मेरू नेमका कुठे? मुलीला काय सांगू?

उंबरठा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. घरच्या गणपतीला सासऱ्यांच्या वेळेपासून पूर्व भागातले तेलुगू गुरुजी येतात. यंदा माझी लेक, सातवीत आहे, पूजेला बाबांच्या शेजारी मांडी घालून बसली होती. संकल्पाचं पाणी सोडताना गुरुजी म्हणाले, "जंबूद्वीपे भरतवर्षे भरतखंडे मेरोर्दक्षिणदिग्भागे श्रीशैलस्य वायव्यप्रदेशे कृष्णागोदावर्योर्मध्यदेशे..."

आरती झाल्यावर तिने अर्थ विचारला. गुरुजींनीही कौतुकाने सांगितला: बाळ, आपण कुठे बसून पूजा करतोय तो पत्ता देवाला सांगायचा असतो. झालं! मोदक तसाच ठेवून बाई नकाशाची वही घेऊन आल्या. श्रीशैलम सापडलं. तिथून सोलापूर खरंच वायव्येला. बरोबरची खूण. वर गोदावरी, खाली कृष्णा, मध्ये आपण. पुन्हा बरोबरची खूण. मग मेरू शोधायला लागली. वहीच्या पानावर आता दोन खुणा आणि मेरूपुढे एक मोठं प्रश्नचिन्ह आहे.

"दोन गोष्टी खऱ्या आहेत म्हणजे तिसरीपण कुठेतरी असेल ना?" असं तिचं म्हणणं. मला तिला खोटं सांगायचं नाही, आणि "असंच म्हणतात गं" म्हणून गप्पही करायचं नाही. जाणकारांनी मदत करा.

डोंगरपायी | शनिवार, रात्री १०:४०

मेरू म्हणजे कैलास. मी परिक्रमा केली आहे. डोल्मा खिंडीत, साडेपाच हजार मीटरच्या वर, एक तिबेटी म्हातारी दंडवत घालत चालली होती. हातांना लाकडी फळ्या, कपाळावर घट्टा. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली या चार नद्या त्याच परिसरातून चार दिशांना निघतात. पुराणात मेरूवरून चार नद्या वाहतात, तेच हे. मुलीला सांगा ६,६३८ मीटर उंच आहे, तिबेटात आहे, आणि सोलापूर त्याच्या दक्षिणेला आहे. तिसरी खूण करून टाका.

वेलदोडा | शनिवार, रात्री ११:०५

@डोंगरपायी, तुमच्या परिक्रमेला नमस्कार, पण विष्णुपुराण वेगळं सांगतं. त्यात कैलास हा मेरूभोवतीच्या अनेक पर्वतांपैकी एक आहे आणि दक्षिणेकडच्या यादीत येतो. मेरू त्याहून निराळा. तो जंबुद्वीपाच्या मधोमध, सोन्याचा, जमिनीवर ८४ हजार योजनं आणि जमिनीखाली १६ हजार. पायथ्याशी रुंदी १६ हजार आणि माथ्यावर ३२ हजार. म्हणजे खाली निमुळता, वर रुंद! कुठला डोंगर असा असतो? पण पुराणकार डोंगर बघून लिहीतच नव्हते. ते म्हणतात की पृथ्वी हे कमळ आणि मेरू त्याची कर्णिका. कमळाच्या मधला तो बियांचा पेला कधी जवळून बघा, खाली देठाशी बारीक आणि वर पसरट असतो. आमच्या गावच्या तळ्यात कमळं होती. पाकळ्या गळल्यावर तो हिरवा पेला आम्ही भिंगरीसारखा फिरवायचो. मेरूचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तोच आठवला.

मेरूला चार बाजूंनी चार पर्वतांचे टेकू आहेत: मंदर, गंधमादन, विपुल, सुपार्श्व. गंधमादनावर जांभळाचं झाड, त्याची फळं हत्तीएवढी. ती फुटून रसाची नदी वाहते आणि त्या झाडावरूनच आपलं जंबुद्वीप. आपण सगळे जांभळाच्या बेटावर राहतो, हे लेकीला जरूर सांगा.

उंबरठा | शनिवार, रात्री ११:२०

जांभळाचं सांगितलं! म्हणाली, "मग जीभ जांभळी झालेले सगळे एकाच देशाचे." पण प्रश्नचिन्ह जागेवर आहे.

थेट_बोल | रविवार, सकाळी ७:५०

ताई, मेरू नाही. ८४ हजार योजनं म्हणजे काही लाख किलोमीटर, आणि पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटर. तो पृथ्वीवर मावत नाही. मुलगी एवढी नीट तपासते आहे तर तिला सरळ सांगा, की श्रीशैलम आहे, नद्या आहेत, मेरू नाही. जुन्या लोकांना माहीत नव्हतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला लहानपणी हे कोणी सरळ सांगितलं नाही, नंतर स्वतः कळलं तेव्हा इतर सगळ्यावरचाही विश्वास उडाला होता. तिच्या बाबतीत ते होऊ नये असं मनापासून वाटतं.

शून्यलब्धी | रविवार, सकाळी ९:३०

थेट_बोल यांची तळमळ समजते, पण "जुन्या लोकांना माहीत नव्हतं" हे वाक्य मी शिकवायला असतो तर खोडायला लावलं असतं. मी चाळीसगावचा, गणिताचा निवृत्त शिक्षक. आमच्यापासून जवळच पाटणला तो शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. दरवर्षी नववीच्या मुलांना तिथे घेऊन जायचो.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात ते नेमका हाच प्रश्न घेतात. तेव्हा म्हणत असत की सूर्य मेरूभोवती फिरतो, मेरूमागे गेला की रात्र. त्यावर ते लिहितात:

यदि निशाजनकः कनकाचलः किमु तदन्तरगः स न दृश्यते ।
उदगयं ननु मेरुरथांशुमान् कथमुदेति च दक्षिणभागके ॥

म्हणजे, जर सोन्याच्या डोंगरामुळे रात्र होत असेल, तर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये उभा असलेला तो डोंगर दिसत का नाही? आणि मेरू जर उत्तरेला आहे, तर सूर्य दक्षिणेकडे सरकून उगवतो तो कसा?

दुसरा मुद्दा तर लेकीला गच्चीवरून स्वतः तपासता येईल. मार्गशीर्ष-पौषात सूर्य पूर्वेपासून चांगलाच दक्षिणेला सरकून उगवतो. साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीतला माणूस हे विचारत होता. मुलीचं प्रश्नचिन्ह त्याच परंपरेतलं आहे. ते पुसू नका.

थेट_बोल | रविवार, सकाळी ९:५२

सर, वाक्य मागे घेतो. हा श्लोक मला कोणीच शिकवला नव्हता.

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी १०:१५

मग भास्कराचार्यांच्या मते मेरू नाहीच का?

शून्यलब्धी | रविवार, सकाळी ११:००

खरी गंमत तिथेच आहे. ते मेरू टाकून देत नाहीत, त्याची जागा बदलतात. पृथ्वी गोल आहे हे आपल्या ज्योतिषांना आर्यभटापासून पक्कं ठाऊक होतं. ४९९ च्या ग्रंथात आर्यभट म्हणतो, "मेरुर्योजनमात्रः", मेरू फक्त एक योजन! कुठे ८४ हजार आणि कुठे एक. आणि जागा कोणती, तर उत्तर ध्रुव. सूर्यसिद्धांतात मेरू पृथ्वीच्या गोळ्यातून आरपार गेलेला आहे, दोन्ही टोकांना बाहेर आलेला. वरच्या टोकाला देव, खालच्या टोकाला असुर. जात्याचा खुंटा डोळ्यासमोर आणा, आख्खं भूगोल त्याभोवती.

मेरूवर देवांचा सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, हे उत्तर ध्रुवाला तंतोतंत लागू पडतं. त्यामुळे "मेरोर्दक्षिणदिग्भागे" म्हणजे उत्तर ध्रुवाच्या दक्षिणेला. ताई, ही खूण करता येईल.

सिंहगडी | रविवार, दुपारी १२:१०

देवांच्या या सहा महिन्यांच्या दिवसावरच तर लोकमान्यांनी आपली मांडणी उभी केली. १९०३ च्या पुस्तकात त्यांनी वेदांतल्या लांबलचक उषा, महाभारतातलं मेरूचं वर्णन आणि सूर्यसिद्धांत एकत्र ठेवून म्हटलं, की आर्यांचे पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहत असले पाहिजेत, कारण अशी रात्र पाहिल्याशिवाय कोण लिहील? आमच्या घरी ते पुस्तक आजोबांच्या पेटीत होतं, समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या टिपा.

शून्यलब्धी | रविवार, दुपारी १२:४५

लोकमान्यांचा अभ्यास थक्क करणारा आहे, पण निष्कर्ष आज टिकत नाही. ध्रुवावरचा दिवस सहा महिन्यांचा, हे कळायला ध्रुवावर जावं लागत नाही. पृथ्वी गोल मानली आणि सूर्याची उत्तरायण-दक्षिणायनाची चाल मोजली की ते बसल्या जागी गणिताने निघतं. आपल्या लोकांनी ते काढलं. मला त्यात अधिक अभिमान वाटतो.

धम्मसंगिनी | रविवार, दुपारी २:२०

नागपूरहून. पाली शिकते आहे, म्हणून बौद्ध बाजू मांडते.

आधी एक सांगते. इथल्या अनेक संकल्पांत "बौद्धावतारे" येतं. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा आहे आणि आम्ही ती मनापासून पाळतो. वाद घालायचा नाही, पण याच धाग्यावर सांगणं मला आवश्यक वाटलं.

आता मेरू. पालीत त्याला सिनेरू म्हणतात. अंगुत्तर निकायात बुद्ध भिक्खूंना सांगतात, की पर्वतराज सिनेरू ८४ हजार योजनं लांब, तितकाच रुंद, तितकाच समुद्रात बुडालेला आणि तितकाच वर आलेला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आता या महापर्वताचं गुणगान होणार. आणि मग ते सांगतात, की एक काळ येईल, पाऊस थांबेल. दुसरा सूर्य उगवेल, ओढे आटतील. तिसरा उगवेल, मोठ्या नद्या आटतील. असे सात सूर्य उगवतील तेव्हा सिनेरूही पेटेल आणि असा जळेल की मागे राखही उरणार नाही, काजळीही नाही. सगळे संस्कार अनित्य आहेत.

आमच्या वर्गात हे सुत्त वाचलं तेव्हा मे महिना होता, बाहेर ४५ अंश. कोणीच काही बोललं नाही बराच वेळ.

म्हणून मला "सिनेरू कुठे आहे" या प्रश्नापेक्षा तो त्या सुत्तात कशासाठी आला आहे हे जास्त महत्त्वाचं वाटतं. जगातलं सगळ्यात अढळ म्हणून जे तुम्ही मानता तेच उदाहरणाला घेतलंय.

वेलदोडा | रविवार, दुपारी २:५५

@धम्मसंगिनी, फार सुंदर. आमच्याकडे अढळपणासाठी मेरू आणि तुमच्याकडे अनित्यतेसाठी तोच मेरू! समर्थ शिवरायांना "निश्चयाचा महामेरू, बहुत जनांसी आधारू" म्हणतात ते आठवलं. आणि बौद्ध ग्रंथांत आकाश निळं का याचं उत्तरही मेरूच आहे ना?

धम्मसंगिनी | रविवार, दुपारी ३:३०

हो, ते वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात. तिथे आकडा ८० हजार योजनं आहे आणि मेरूच्या चार बाजू चार रत्नांच्या: उत्तरेची सोन्याची, पूर्वेची चांदीची, पश्चिमेची स्फटिकाची आणि दक्षिणेची वैदूर्याची, म्हणजे निळी. आपण दक्षिणेच्या बेटावर, म्हणून आपल्याला आकाश निळं दिसतं. पूर्वेकडच्यांना म्हणे चंदेरी दिसत असेल.

मेरूच्या माथ्यावर तेहतीस देवांचा स्वर्ग, तावतिंस. बुद्धांनी सातवा वर्षावास तिथे काढून आई महामायेला धम्म सांगितला आणि मग ते संकस्स इथे खाली उतरले, असं परंपरा मानते. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात तो प्रसंग रंगवलेला आहे. पुढच्या वेळी गेलात तर घाई करू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग आकृत्या भिंतीतून एकेक करून पुढे येतात.

कृष्णाकाठचा | रविवार, सायंकाळी ५:१०

सांगलीकडचा जैन. आमच्या मेरूला विसरू नका. आमचा एक लाख योजनांचा, एक हजार जमिनीत आणि ९९ हजार वर. तीर्थंकर जन्माला आले की इंद्र त्यांना मेरूवर नेतो आणि पांडुकशिलेवर अभिषेक करतो. पंचकल्याणक पूजेला गावात मेरू उभा करतात. आमच्याकडे बांबू आणि फळ्यांचा केला होता, रंगीत कापड गुंडाळून, तीन टप्प्यांचा. मी तेव्हा दहा वर्षांचा. कलश घेऊन चढताना फळ्या करकरत होत्या आणि वडील खालून ओरडत होते, "पाय बघ, पाय बघ!" वरून गाव पहिल्यांदा इतकं खाली दिसलं.

शून्यलब्धी सर, भास्कराचार्यांनी आमच्या दोन सूर्य-दोन चंद्रांवरही बाण सोडलाय बरं का!

शून्यलब्धी | रविवार, सायंकाळी ५:४०

सोडलाय. बौद्धांच्या "पृथ्वी खाली पडते आहे" या मतावरही सोडलाय, आणि पुराणांवर तर वर सांगितलंच. गुरुजींनी वर्गात कोणालाच मोकळं सोडलं नाही.

सुनीतीची_आई | रविवार, रात्री ८:००

एवढं मोठं सगळं वाचून मला आमच्या आजीची माळ आठवली. तुळशीची, एकशे आठ मणी आणि वर एक मोठा, त्याला लाल दोऱ्याचा गोंडा. तो मेरुमणी. बोटाला मेरू लागला की माळ उलटी फिरवायची, तो ओलांडायचा नाही. मी शेजारी बसून मुद्दाम पुढे ढकलायला जायचे, तर डोळे मिटलेलेच, पण आजीचा अंगठा बरोबर थांबायचा. शेवटी तिला दिसत नव्हतं तरी मेरू कळायचा. माळ आता माझ्याकडे आहे. गोंड्याचा रंग उडालाय, मणी तेलकट गुळगुळीत.

मेरू कुठे म्हणाल तर मला तरी तो तिथे माहीत आहे.

उंबरठा | रविवार, रात्री ८:१५

@सुनीतीची_आई, डोळ्यात पाणी आलं.

षड्जपंचम | रविवार, रात्री ८:४०

आणि गाण्यातला मेरुखंड? सात स्वरांची उलटापालट करत गेलं की ५,०४० ताना होतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे शार्ङ्गदेव होते, त्यांच्या संगीतरत्नाकरात ही खंडमेरूची रीत मांडली आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांची बढत ऐका, किंवा आपल्या मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याची. तीन-चार स्वरांतच इतका वेळ फिरतात की वाटतं, डोंगराच्या पायथ्याला प्रदक्षिणा चालली आहे. आमचे गुरुजी चार स्वरांचे चोवीस प्रकार रोज म्हणून घ्यायचे, सा रे ग म, रे सा ग म, सा ग रे म... एक जरी चुकला तर पहिल्यापासून.

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ८:५५

अवांतर होतंय ना पण? धागा भूगोलाचा होता.

षड्जपंचम | रविवार, रात्री ९:०२

नाव कुठून आलं तेच सांगतोय हो. आकड्यांची शिखरासारखी रचना होते म्हणून मेरू. पिंगलाच्या छंदशास्त्रात मेरुप्रस्तार आहेच. सर सांगतील.

शून्यलब्धी | रविवार, रात्री ९:२०

सांगतो. वर एक चौकट, खाली दोन, त्याखाली तीन. कडेला एक-एक, आणि मधल्या चौकटीत वरच्या दोन्हींची बेरीज. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत हे नीट समजावलं आहे. शाळेत पुढे हाच त्रिकोण पास्कलच्या नावाने येतो. लेकीला आत्ताच काढायला द्या, रविवार सार्थकी लागेल.

चाओफ्राया | सोमवार, सकाळी ६:३०

बँकॉकहून. इथे मेरू रोज कानावर पडतो, पण कुठल्या अर्थाने? स्मशान! देवळाच्या आवारात उंच धुराड्याची इमारत असते, तिला "मेन" म्हणतात, लिहितात मात्र "मेरु". राजा भूमिबोल गेले २०१६ मध्ये, अंत्यसंस्कार झाला २६ ऑक्टोबर २०१७ ला. त्यासाठी सनाम लुआंग मैदानावर सुमारे ५० मीटर उंचीचा मेरू बांधला होता, नऊ मनोऱ्यांचा, भोवती पाणी आणि हिमवंतातले प्राणी. राजा मेरूवर परत जातो ही त्यामागची समजूत. वर्षभर खपून बांधला आणि नंतर उतरवून टाकला. काळे कपडे घातलेले लोक फुटपाथवर रात्रभर बसलेले मी पाहिलेत. माझ्या शेजारच्या आजींनी मला अर्धं केळं दिलं होतं.

कंबोडियाला गेलात तर अंगकोर वाट मेरू म्हणूनच बघा. पाच शिखरं म्हणजे मेरूची, आणि सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक म्हणजे भोवतीचा समुद्र. पुलावरून चालत जाताना तुम्ही समुद्र ओलांडत असता.

आंब्याची_डहाळी | सोमवार, सकाळी ८:१०

जावाची कथा तर मला सगळ्यात आवडते. जावा बेट समुद्रावर डुगडुगत होतं, म्हणून देवांनी भारतातून मेरू उचलून आणला, खिळा म्हणून ठोकायला. आधी पश्चिमेला ठेवला तर बेट एका बाजूला कललं. मग पूर्वेकडे नेताना वाटेत तुकडे पडत गेले, त्यांचेच ज्वालामुखी झाले. शेवटी जो राहिला तो सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातला सर्वांत उंच, आजही धूर सोडणारा. त्यामुळे उंबरठाताई, लेकीला सांगा, आपल्या नकाशावर सापडत नाही कारण शेजाऱ्यांनी उसना नेलाय!

सवाना | सोमवार, सकाळी ९:००

आरूशा, टांझानिया इथून. माझ्या खिडकीतून माउंट मेरू दिसतो, ४,५६२ मीटर. नाव तिथल्या मेरू लोकांवरून, आपल्या मेरूशी संबंध नाही. पण आई इथे आली होती तेव्हा रोज सकाळी त्याला हात जोडायची.

पितळी_ताट | सोमवार, दुपारी १:१५

कर्नाटकात बैलकुप्पेला तिबेटी वसाहतीत काही दिवस होते. तिथे मेरू रोज सकाळी तयार होतो. एक भिक्षू मांडी घालून बसायचा, मांडीवर पिवळ्या तांदळांचं ताट. ताटावर पितळेचं कडं ठेवायचं, मध्ये एक मूठ तांदूळ: मेरू. मग चार दिशांना चार चिमटी: चार बेटं. मग सूर्य, चंद्र. वर लहान कडं, पुन्हा तांदूळ, त्यावर आणखी लहान. शेवटी सगळं विश्व दोन्ही हातांनी वर उचलून अर्पण केलं की ताट आपल्याकडे कलतं करून सगळे तांदूळ ओटीत. कडी खणखण वाजायची. आणि पुन्हा पहिली मूठ मध्ये.

त्याला मी विचारलं होतं, मेरू खरा आहे का. त्याने सांगितलं, की दलाई लामा स्वतः म्हणतात, हे विश्ववर्णन आता सोडायला हवं, विज्ञानाने दाखवलं ते मानायला हवं. मग तू रोज का करतोस? तो म्हणाला, "द्यायला सगळ्यात मोठं काय असतं, ते शोधतो."

थेट_बोल | सोमवार, दुपारी २:००

हे मला पटलं, आणि थोडं खटकलंही. खरं नाही हे माहीत असून कोणाला काय देणार? पण सगळ्यांनी इतक्या सहज सोडलं नव्हतं हेही खरं. १८७३ मध्ये श्रीलंकेत पानदुरा इथे बौद्ध भिक्खू आणि मिशनरी यांचा जाहीर वाद झाला, त्यात मेरू आहे की नाही यावरही खडाजंगी झाली.

तातामी | सोमवार, दुपारी ३:३०

जपानमध्येही. १८१० मध्ये फुमोन एन्त्सू या भिक्षूने युरोपीय खगोलाविरुद्ध मेरूची बाजू घेणारा मोठा ग्रंथ लिहिला. आणि १८५० च्या सुमारास तानाका हिसाशिगे या कारागिराने मेरूचं घड्याळ केलं, मध्ये पर्वत, भोवती सूर्य-चंद्र चाव्यांवर फिरणारे. याच तानाकाच्या कारखान्यातून पुढे तोशिबा उभी राहिली. मेरू वाचवायला ज्याने दातेरी चाकं घडवली, त्याच हातांनी तारयंत्रंही घडवली.

वेलदोडा | सोमवार, सायंकाळी ६:०५

मूळ प्रश्नाकडे. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात सूर्याच्या गतीचा अध्याय आहे. त्यात म्हटलंय, ज्याला जिथे सूर्य प्रथम दिसतो त्याचा तो उदय, जिथे दिसेनासा होतो तो अस्त. सूर्याला स्वतःला ना उदय ना अस्त. आणि पुढे: सर्व द्वीपांना आणि वर्षांना मेरू उत्तरेलाच आहे.

म्हणजे "मेरोर्दक्षिणदिग्भागे" हा केवळ आपला पत्ता नाही. मधल्या खुंट्याभोवती सूर्य फिरतो असं धरलं, तर जो जिथे उभा आहे तिथून मेरू त्याच्या उत्तरेलाच येतो. ध्रुवाबद्दलही हेच खरं. पुराण आणि सिद्धांत आकारावर भांडतात, पण दिशेवर एक आहेत.

एडिसनकर | सोमवार, रात्री ८:३०

न्यू जर्सीत आमचे गुरुजी जंबुद्वीपे म्हणतच नाहीत, "क्रौंचद्वीपे रमणकवर्षे ऐंद्रखंडे" म्हणतात. पहिल्या वर्षी ते ऐकून पोटात तुटलं होतं, देवाच्या दफ्तरीही आपला पत्ता बदलला म्हणून. आता वेलदोडांचं वाचून बरं वाटलं. द्वीप बदललं तरी मेरू उत्तरेलाच.

उंबरठा | बुधवार, रात्री १०:३०

उशीर झाला, पण ढगांमुळे. सांगते.

शून्यलब्धी सरांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. ध्रुव म्हणजे मेरू असेल तर ध्रुवतारा त्याच्या बरोबर वर, असं तिनेच काढलं. मग शाळेचा कोनमापक उलटा धरून मधल्या भोकात दोरा ओवला, दोऱ्याला गणपतीच्या सजावटीतला एक मणी बांधला, कडेला रिकामं रिफिल चिकटवलं. दोन रात्री गच्चीवर नुसतेच ढग. आज नऊच्या सुमारास उत्तर उघडली. तारा बारीक, खाली, पाण्याच्या टाकीच्या जरा वर. ती रिफिलमधून बघत होती, मी टॉर्चवर हात आडवा धरून मणी कुठे थांबतो ते वाचत होते. १९ अंश आले. पुन्हा केलं, १८.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितकाच गावाचा अक्षांश. नकाशात सोलापूर १७.७ अंशांवर आहे.

वहीत प्रश्नचिन्हाच्या खाली तिने लिहिलंय, "उत्तर. टाकीच्या वर. १८." बरोबरची खूण केलेली नाही. विचारलं तर म्हणाली, अजून सूर्य दक्षिणेकडून उगवताना बघायचाय, मार्गशीर्षापर्यंत थांब.

शून्यलब्धी | बुधवार, रात्री १०:४१

शाब्बास! ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या-पाऊण अंशाने त्याभोवती फिरतो, आणि हातातला मणीही हलतोच. १८ म्हणजे उत्तम मोजमाप. खूण न करणं तर त्याहून उत्तम.

यारातीर | गुरुवार, पहाटे ४:५०

मेलबर्नहून आजच धागा पूर्ण वाचला. इथून ध्रुवतारा दिसतच नाही, क्षितिजाखाली आहे. मग आमचा मेरू पायाखाली समजायचा का?

शून्यलब्धी | गुरुवार, सकाळी ७:१५

आर्यभटाने लिहून ठेवलंय: मेरूवरचे देव आणि दुसऱ्या टोकाचे असुर, दोघेही एकमेकांना खात्रीने खालीच समजतात.

उंबरठा | गुरुवार, सायंकाळी ५:३०

@यारातीर, लेकीचा निरोप आहे. तुमच्याकडे त्रिशंकू, म्हणजे क्रूसासारखा दिसणारा तारकासमूह, उंच दिसतो असं तिने वाचलंय. त्याच्या लांब दांड्याची रेघ साडेचार पट पुढे नेली की दक्षिण ध्रुवाची जागा मिळते म्हणे. तिथे किती अंश येतात ते मोजून कळवाल का? रिफिल रिकामं असलं पाहिजे, असं सांगायला सांगितलंय.

यारातीर | शुक्रवार, दुपारी ३:०५

३९ आले. शहर ३७.८ वर आहे. मुलाला कोनमापक आवडला, परत देत नाहीये.